कृष्णविवरांचे वारे आणि गॅमा किरणांची साक्ष

बहुतेक प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रस्थानी लक्षावधी ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे महाकाय कृष्णविवर असते, हे खगोलशास्त्रात आता सर्वमान्य झाले आहे. कृष्णविवर म्हटले की जवळ येईल ते गिळंकृत करणारी वस्तू, असे चित्र सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात मात्र त्याच्याकडे ओढला गेलेला सगळाच वायू आत पडत नाही. त्यातील काही भाग प्रचंड वेगाने पुन्हा बाहेर फेकला जातो. या बहिर्गामी प्रवाहांना खगोलशास्त्रज्ञ 'वारे' म्हणतात. हे वारे दीर्घिकेतील वायू झाडून नेऊ शकतात आणि त्यामुळे तेथे नवे तारे जन्माला येण्याची प्रक्रियाच मंदावू शकते, असे सिद्धान्त सांगतो. वारा दीर्घिकेतील वायूवर खरोखरच आदळतो का, हे पाहणे मात्र कठीण होते. या टकरीची खूण गॅमा किरणांत सापडल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले आणि एका जुन्या प्रश्नाला नवी दिशा मिळाली.

सक्रिय दीर्घिका म्हणजे काय?

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेफर्ट यांनी १९४३ मध्ये काही सर्पिलाकार दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या दीर्घिकांचे केंद्रक असाधारण तेजस्वी होते आणि त्यांच्या वर्णपटातील रेषा रुंदावलेल्या दिसत होत्या. केंद्राजवळील वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरत असल्याची ती खूण होती. अशा दीर्घिकांना पुढे 'सेफर्ट दीर्घिका' हे नाव मिळाले. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी '३सी २७३' या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूचे अंतर ठरवले आणि क्वासार हा अतिदूरचा, अतितेजस्वी प्रकार प्रकाशात आला. सेफर्ट दीर्घिका काय किंवा क्वासार काय, दोहोंच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे. कृष्णविवराभोवती वायूची चकती तयार होते, तीतील वायू आत सरकताना घर्षणाने तापतो आणि अख्ख्या दीर्घिकेतील ताऱ्यांशी स्पर्धा करील इतका प्रकाश बाहेर टाकतो. ज्या दीर्घिकांत ही क्रिया जोमाने सुरू असते, त्यांना 'सक्रिय दीर्घिका' म्हटले जाते.

झोत निराळे, वारे निराळे

सक्रिय दीर्घिकांतून पदार्थ बाहेर पडण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. काहींमध्ये कृष्णविवराच्या दोन्ही बाजूंनी अत्यंत चिंचोळे झोत निघतात. त्यातील कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात. असा झोत नेमका पृथ्वीच्या दिशेने रोखलेला असेल, तर त्या दीर्घिकेला 'ब्लेझर' म्हणतात. जून २००८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'फर्मी' या गॅमा किरण अवकाश दुर्बिणीच्या सूचीत आजवर सात हजारांहून अधिक उद्गम नोंदले गेले आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक ब्लेझर आहेत. त्यामुळे दीर्घिकांकडून येणारे गॅमा किरण म्हणजे झोतांचेच काम, असा समज दृढ होणे स्वाभाविक होते.

परंतु प्रबळ झोत असलेल्या दीर्घिका संख्येने अल्प आहेत. सुमारे ९० टक्के सक्रिय दीर्घिका रेडिओ लहरींत शांत असतात. त्यांच्याकडे शक्तिशाली झोत नसतो. वारा मात्र असू शकतो. चकतीच्या पृष्ठभागावरील वायूला प्रकाशाचा दाब किंवा चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलते आणि त्यातून हा वारा सुटतो. तो झोतापेक्षा संथ असतो, पण खूप रुंद पसरतो. चिंचोळा झोत दीर्घिकेतील वायूला भोक पाडून निघून जाऊ शकतो. रुंद वाऱ्याला मात्र वाटेतील वायूशी झुंजावेच लागते. दीर्घिकेच्या भवितव्याच्या दृष्टीने वारा महत्त्वाचा ठरतो तो याचमुळे.

क्ष-किरणांतून लागलेला शोध

अतिवेगवान वाऱ्यांचे पहिले ठोस पुरावे २००२-०३ च्या सुमारास क्ष-किरण दुर्बिणींनी दिले. केंद्रकातून निघालेले क्ष-किरण वाऱ्यातून पार होतात तेव्हा वाऱ्यातील लोहाचे अणू ठरावीक ऊर्जेचे किरण शोषून घेतात. हे लोह इतके तापलेले असते, की त्याने आपले जवळजवळ सर्व इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. वारा आपल्या दिशेने येत असल्यामुळे शोषणाच्या या रेषा मूळ जागेवरून अधिक ऊर्जेकडे सरकलेल्या दिसतात. त्या किती सरकल्या, यावरून वाऱ्याचा वेग काढता येतो.

फ्रान्चेस्को तोम्बेसी आणि सहकाऱ्यांनी 'एक्सएमएम-न्यूटन' या युरोपीय दुर्बिणीच्या साह्याने ४२ रेडिओशांत सक्रिय दीर्घिका तपासल्या. त्यांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश दीर्घिकांत असे वारे आढळले. त्यांचे वेग प्रकाशवेगाच्या काही टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत होते. प्रकाशाच्या एकदशांश वेगाने, म्हणजे सेकंदाला ३० हजार किलोमीटरने, पृथ्वीच्या विषुववृत्ताला प्रदक्षिणा घालायची झाली तर दीड सेकंदही लागणार नाही. आपल्या सूर्याकडून येणारा सौरवारा सेकंदाला साधारण ४०० ते ८०० किलोमीटर वेगाने वाहतो, हे लक्षात घेतले म्हणजे या वाऱ्यांची झेप कळते. अशा वाऱ्यांसाठी 'अल्ट्रा-फास्ट आउटफ्लो' ही संज्ञा रूढ झाली. तिचे लघुरूप 'यूएफओ' असे होते. उडत्या तबकड्यांशी त्याचा संबंध केवळ नावापुरता.

'पीडीएस ४५६' हा सुमारे दोन अब्ज प्रकाशवर्षे दूरचा क्वासार या वाऱ्यांचे ठळक उदाहरण मानला जातो. त्याचा वारा सर्व दिशांना पसरलेला असून प्रकाशवेगाच्या जवळपास पाव पटीने वाहतो, असे २०१५ मध्ये 'एक्सएमएम-न्यूटन' आणि 'नूस्टार' या दुर्बिणींच्या संयुक्त निरीक्षणांतून सिद्ध झाले. दरवर्षी किमान दहा सूर्यांच्या वस्तुमानाइतका वायू या वाऱ्याबरोबर बाहेर पडतो. त्याची ऊर्जा क्वासारच्या एकूण प्रकाश-ऊर्जेच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी असल्याचा अंदाज आहे. २०२३ मध्ये अवकाशात गेलेल्या 'क्रिझम' या जपानी दुर्बिणीने याच क्वासारचा अधिक बारकाईने वेध घेतला. हा वारा एकसंध नसून वेगवेगळ्या वेगाच्या किमान पाच प्रवाहांचा बनलेला आहे, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे.

वाऱ्यातून गॅमा किरण कसे निघतात?

क्ष-किरण वाऱ्याचा वेग सांगतात, पण तो उगमाजवळचा. हा वारा पुढे कशावर आदळला, हे त्यातून कळत नाही. तेथे गॅमा किरणांचा उपयोग होतो.

दृश्य प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन ते तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. 'फर्मी' टिपते त्या गॅमा किरणांच्या कणाची ऊर्जा कोट्यवधी ते अब्जावधी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात जाते. एखादी वस्तू केवळ तापवून एवढ्या ऊर्जेचे किरण मिळत नाहीत. त्यासाठी प्रभारित कणांना असाधारण वेग द्यावा लागतो. अतिवेगवान वारा भोवतालच्या वायूवर धडकतो, तेव्हा ध्वनीहून वेगवान विमानापुढे निर्माण व्हावी तशी आघात तरंग तयार होते. या तरंगेच्या दोन्ही बाजूंना विस्कळीत चुंबकीय क्षेत्रे असतात. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन त्यांवर आपटून पुनःपुन्हा तरंग ओलांडतात आणि प्रत्येक फेरीत त्यांची ऊर्जा थोडी वाढते. वैश्विक किरणांना ऊर्जा कशी मिळत असावी, याची मूळ कल्पना एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये मांडली होती. आघात तरंगेची यंत्रणा १९७७-७८ मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे विकसित केली. महाविस्फोट झालेल्या ताऱ्यांच्या अवशेषांतही हीच क्रिया घडते.

ऊर्जावान प्रोटॉन पुढे दीर्घिकेतील वायूच्या अणुकेंद्रकावर आदळला, की 'पायॉन' नावाचे अल्पजीवी कण निर्माण होतात. त्यांतील प्रभाररहित पायॉन क्षणार्धात मोडतो आणि दोन गॅमा किरण बाहेर पडतात. प्रभारित पायॉनांपासून न्यूट्रिनो मिळतात. वेगवान इलेक्ट्रॉनही आसपासच्या साध्या प्रकाशकणांना धक्का देऊन त्यांना गॅमा किरणांच्या ऊर्जेपर्यंत नेऊ शकतात. म्हणजे गॅमा किरण दिसले, तर वारा कशाला तरी धडकला आहे, असे अनुमान काढता येते.

अकरा दीर्घिकांची एकत्रित मोजणी

अडचण एवढीच होती, की हे गॅमा किरण फार क्षीण असतात. एकेकटी दीर्घिका पाहिली तर पार्श्वभूमीतून तिचा संकेत वेगळा काढता येत नाही. 'फर्मी'च्या शास्त्रज्ञांच्या गटाने त्यावर उपाय शोधला. क्लेम्सन विद्यापीठाचे मार्को अजेलो व ख्रिस कार्विन आणि शिकागो विद्यापीठातील रेबेका डीझिंग व दामियानो काप्रिओली यांचा या कामात प्रमुख वाटा होता. अतिवेगवान वारे असलेल्या, तुलनेने जवळच्या आणि झोतांचा उपद्रव नसलेल्या ११ दीर्घिका त्यांनी निवडल्या. त्यांच्या ११ वर्षांच्या नोंदी एकावर एक रचून सांख्यिकी पद्धतीने त्यांचा सरासरी संकेत काढण्यात आला. अंधूक छायाचित्रे एकावर एक ठेवून आकृती स्पष्ट करावी, तसाच हा प्रकार होय.

या मोजणीत पाच सिग्माहून थोडा अधिक विश्वासार्हतेचा संकेत मिळाला. भौतिकशास्त्रात शोध जाहीर करण्यासाठी हीच पायरी ओलांडावी लागते. असे वारे नसलेल्या सक्रिय दीर्घिकांवर हीच पद्धत वापरली असता संकेत मिळाला नाही. हे निष्कर्ष नोव्हेंबर २०२१ मध्ये 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी प्रत्येक दीर्घिका गॅमा किरणांत सुमारे दोन कोटी सूर्यांच्या एकूण तेजाइतकी ऊर्जा बाहेर टाकते, असे त्यातून दिसले. ही रक्कम मोठी भासली, तरी वाऱ्याच्या यांत्रिक शक्तीच्या ती केवळ ०.०४ टक्के आहे. उरलेली जवळजवळ सगळी शक्ती वायू तापवण्यास आणि ढकलण्यास मोकळी राहते. दीर्घिकेचे केंद्रक जितके तेजस्वी, तितके तिचे गॅमा किरणही अधिक, असा संबंधही आढळला. आघात तरंग कृष्णविवरापासून काही दशक ते काहीशे प्रकाशवर्षे इतक्या अंतरावर पोहोचली असावी, असे गणित सांगते. दीर्घिकेच्या आकारमानाच्या तुलनेत हे अंतर अल्प आहे. वारा आणि दीर्घिका यांच्या झुंजीची ही सुरुवात असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला.

दीर्घिकेच्या वाढीला लगाम

या शोधाचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दीर्घिकेच्या मध्यवर्ती फुगवट्यातील ताऱ्यांच्या गती आणि तेथील कृष्णविवराचे वस्तुमान यांत घट्ट नाते आहे, असे २००० मध्ये दोन गटांनी दाखवून दिले. हे आश्चर्यकारक होते. कृष्णविवराचे गुरुत्वाकर्षण केंद्राजवळच्या छोट्याशा भागातच प्रभावी असते. दूरवरच्या ताऱ्यांना त्याची दखल घेण्याचे कारण नाही. मग दोघांची वाढ एकमेकांच्या प्रमाणात कशी होते?

जोसेफ सिल्क आणि मार्टिन रीस यांनी १९९८ मध्येच एक शक्यता मांडली होती. कृष्णविवर पुरेसे मोठे झाले, की त्याचा वारा दीर्घिकेतील वायू बाहेर लोटतो. वायू गेला की ताऱ्यांची निर्मिती थांबते आणि कृष्णविवराचे खाद्यही संपते. दोघांची वाढ अशा रीतीने एकत्रच आवरली जाते. दीर्घिकांच्या उत्क्रांतीची संगणकीय प्रारूपे आज या कल्पनेवर मोठ्या प्रमाणात विसंबून आहेत. ती वगळली, तर प्रारूपांतील अतिविशाल दीर्घिका प्रत्यक्षाहून खूपच मोठ्या होतात. वाऱ्याची ऊर्जा वायूला खरोखर मिळते, हे दाखवणारा गॅमा किरणांचा पुरावा म्हणूनच मोलाचा आहे.

दुसरा प्रश्न वैश्विक किरणांचा. पृथ्वीवर सतत आदळणाऱ्या या कणांपैकी कमी ऊर्जेचे कण आपल्या आकाशगंगेतून, तर सर्वाधिक ऊर्जेचे कण बाहेरून येतात. या दोहोंमधील संक्रमणाच्या पट्ट्यातील कण कोठून येतात, याबद्दल एकमत नाही. या वाऱ्यांच्या आघात तरंगा प्रोटॉनला एकावर १७ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत, म्हणजे नेमक्या त्या पट्ट्यापर्यंत नेऊ शकतात, असे २०२१ च्या अभ्यासाने सुचवले. जीनिव्हाजवळील 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर'मधील प्रोटॉनच्या ऊर्जेहून ही ऊर्जा दहा हजारांहून अधिक पटींनी मोठी आहे.

'एनजीसी १०६८'चे कोडे

तिमिंगल तारकासमूहातील 'एनजीसी १०६८' किंवा 'एम ७७' ही दीर्घिका सेफर्ट यांच्या मूळ अभ्यासातील आहे. सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षांवरील या दीर्घिकेचे केंद्रक धूळ व वायूच्या जाड कड्याआड दडलेले आहे. 'फर्मी'ला तिच्याकडून गॅमा किरण मिळतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिण ध्रुवावरील 'आइसक्यूब' वेधशाळेने या दीर्घिकेच्या दिशेने आलेले सुमारे ७९ अतिरिक्त न्यूट्रिनो टिपल्याचे जाहीर केले. २०११ ते २०२० या काळातील ही नोंद होती.

न्यूट्रिनो आणि गॅमा किरण एकाच टकरीतून जन्मतात. त्यामुळे एवढे न्यूट्रिनो आले, तर तोडीस तोड गॅमा किरणही यायला हवेत. प्रत्यक्षात ते आले नाहीत. कॅनरी बेटांवरील 'मॅजिक' दुर्बिणींनी सुमारे १२५ तास या दीर्घिकेवर नजर ठेवली होती. अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण सापडले नसल्याचे त्यांनी २०१९ मध्ये नोंदवले. याचा सर्वमान्य अर्थ असा, की न्यूट्रिनो कृष्णविवराच्या अगदी निकट तयार होतात. तेथे क्ष-किरणांची आणि अतिनील किरणांची इतकी दाटी असते, की गॅमा किरण त्यांच्यावर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांत रूपांतरित होतात. न्यूट्रिनो मात्र विनासायास निसटतात.

मग जे थोडे गॅमा किरण येतात, ते कोठले? सुसुमू इनोवे आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये यावर वाऱ्याचेच उत्तर सुचवले. त्यांच्या मते चकतीच्या आतल्या भागातून उठलेला वारा काही ठिकाणी निसटू शकत नाही व पुन्हा खाली कोसळतो. तेथील टकरींतून न्यूट्रिनो निघतात. निसटलेला वारा बाहेरच्या कड्यावर आदळतो आणि तेथून गॅमा किरण मिळतात. न्यूट्रिनोंचे श्रेय वाऱ्याऐवजी कृष्णविवराजवळील तप्त प्रभामंडळाला देणारी प्रारूपेही आहेत.

शंका आणि मतभेद

वाऱ्यांच्या बाजूने पुरावे वाढत असले, तरी निकाल लागलेला नाही. पहिली अडचण ताऱ्यांची. जेथे तारे जोमाने जन्मतात तेथे महाविस्फोटही अधिक होतात आणि त्यांतूनही गॅमा किरण निघतात. 'एनजीसी १०६८'मध्ये केंद्राभोवती तारेनिर्मितीचे तेजस्वी कडे आहे. गॅमा किरणांतील किती वाटा ताऱ्यांचा आणि किती वाऱ्याचा, हे वेगळे काढणे अवघड आहे.

दुसरी अडचण गॅमा किरण दुर्बिणींच्या नजरेची. दृश्य प्रकाशातील दुर्बिणींच्या मानाने त्यांना फारच ढोबळ दिसते. 'एनजीसी ४१५१' या सेफर्ट दीर्घिकेकडून गॅमा किरण मिळाल्याचा व ते अतिवेगवान वाऱ्याचे असल्याचा दावा २०२३ मध्ये झाला. पण आकाशात त्या दीर्घिकेला जवळजवळ खेटूनच एक दूरचा ब्लेझर आहे. संकेत नक्की कोणाचा, यावर वाद झाला तो त्यामुळेच.

आपल्या आकाशगंगेतील खुणा

आकाशगंगेच्या केंद्रात सुमारे ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे 'सॅजिटेरियस ए*' हे कृष्णविवर आहे. आज ते जवळजवळ निद्रिस्त आहे. मेंग सू, ट्रेसी स्लेटियर आणि डग्लस फिंकबायनर यांनी २०१० मध्ये 'फर्मी'च्या नोंदींतून केंद्राच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे पसरलेले गॅमा किरणांचे दोन अवाढव्य फुगे शोधून काढले. २०२० मध्ये 'इरोझिटा' दुर्बिणीला क्ष-किरणांत त्यांहूनही मोठे फुगे दिसले. काही दशलक्ष वर्षांपूर्वी कृष्णविवर जागे असताना सुटलेल्या वाऱ्याचे किंवा झोताचे हे अवशेष असावेत, असा एक मतप्रवाह आहे. केंद्राजवळील ताऱ्यांच्या महाविस्फोटांकडे बोट दाखवणारा दुसरा पक्षही आहे. पहिला तर्क खरा असेल, तर दूरच्या दीर्घिकांत आज सुरुवातीच्या अवस्थेत दिसणाऱ्या घटनेचा पुढचा अंक आपल्या डोक्यावरच उभा आहे.

पुढची वाटचाल

या संशोधनात यापुढे जमिनीवरील दुर्बिणींची भूमिका वाढणार आहे. गॅमा किरण वातावरणात शिरताच कणांची सर निर्माण होते आणि तिच्यातून निळसर 'चेरेन्कोव्ह' प्रकाश चमकतो. तो टिपून मूळ किरणाची दिशा व ऊर्जा ठरवता येते. लडाखमधील हानले येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर 'मेस' ही २१ मीटर व्यासाची चेरेन्कोव्ह दुर्बीण उभी आहे. तिची उभारणी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने केली असून तिचे उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. चिलीतील पारानाल आणि कॅनरी बेटांतील ला पाल्मा येथे आकाराला येत असलेली आंतरराष्ट्रीय 'चेरेन्कोव्ह टेलिस्कोप अ‍ॅरे' वेधशाळा याहून कितीतरी संवेदनशील असेल.

आघात तरंगेतील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरीही सोडतात. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील खोडदच्या 'जीएमआरटी'सारख्या रेडिओ दुर्बिणींच्या निरीक्षणांची जोड या अभ्यासाला मिळू शकते. वाऱ्याचा वेग क्ष-किरणांतून, धडक गॅमा किरणांतून, इलेक्ट्रॉनांचा माग रेडिओ लहरींतून आणि केंद्राजवळचे वृत्त न्यूट्रिनोंकडून, अशा चारही अंगांनी एकाच दीर्घिकेचा वेध घेता आला, तर दीर्घिकेच्या वाढीला तिच्याच कृष्णविवराचा वारा लगाम घालतो का, याचा निवाडा अनुमानाऐवजी मोजमापावर करता येईल.